100 वॅटच्या स्पीकरला 40 वॅटचा अँप्लिफायर लावला तर स्पीकर उडतात का?

उडतात. आमच्या घरी उडाले. "लहान अँप्लिफायर घे, स्पीकर सेफ राहतील" असं कोणी सांगत असेल तर अजिबात ऐकू नका.

मला हे आमच्या मोठ्या बाबांनी सांगितलं होतं. सोयाबीनचे पैसे आले होते, मला 100 वॅटचाच घ्यायचा होता. त्यांनी अडून 40 चा घ्यायला लावला. पुढे पौषात भाच्याचं बारसं आमच्याकडेच झालं. आमचं गाव दारव्ह्याजवळ. हरभरा-गव्हाच्या ओलिताचे दिवस, एका डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांच्या मोटारी. संध्याकाळी बल्ब तांबडा पडला, मल्टीमीटर लावला तर प्लगात 180 व्होल्ट. अँप्लिफायर लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा, त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. म्हणजे 40 चा उरला जेमतेम 24-25 वॅटचा. त्यात चुलतभावाने बास-ट्रेबल दोन्ही फुल करून व्हॉल्यूम चढवला. आवाज वाढेना, नुसता फाटत होता. झांज वाजली की टिनावर रेती ओतल्यासारखं. मी कमी करायचो, तो पुन्हा वाढवायचा. अर्ध्या तासाने चरचर थांबली आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं यायला लागलं.

सकाळी पेट्या खोलल्या. बास वाजवणारे मोठे स्पीकर, म्हणजे वूफर, दोन्ही ठणठणीत. ट्रेबल वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, म्हणजे ट्वीटरची, कॉइल काळी, जळक्या वार्निशचा वास, केसाएवढी तार मधेच तुटलेली.

अँप्लिफायरच्या आत जेवढं व्होल्टेज आहे त्याच्यापेक्षा उंच गाण्याची लाट जाऊ शकत नाही, तिचं टोक सपाट कापलं जातं. कापून कापून पूर्ण चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या साध्या लाटेच्या दुप्पट पॉवर देते. वर त्या कापण्यातून नवे बारीक सूर निघतात, आणि बास अडला तरी ट्रेबल चढतच राहतो. हे सगळं ट्वीटरवर येतं. तुमच्या पेटीवरचे 100 वॅट पूर्ण पेटीचे आहेत. गाण्यात ट्रेबलचा वाटा कमी, म्हणून ट्वीटर थोड्याच वॅटचा असतो.

मोठे बाबा अजूनही म्हणतात, स्पीकरच हलका होता. मग वूफर शाबूत आणि दोन्ही ट्वीटर एकाच रात्री कसे गेले, हे मी दर दिवाळीला विचारतो. उत्तर येत नाही.

तुमच्याकडे 40 चा आधीच असेल तर छोट्या खोलीत खुशाल वाजवा, फक्त आवाज फाटू देऊ नका. फाटला की लगेच कमी, पाहुणा कितीही म्हणो. घ्यायचाच असेल तर 100-150 चा घ्या. तुमच्याकडेही रात्री लाईन डिम होत असेल तर हिशेब त्या व्होल्टेजवर करा.

मोठा अँप्लिफायरही बेफाम वाजवला तर स्पीकर जाळतो, तेव्हा वूफरही जाईल, हे खरं आहे. आणि घेण्याआधी स्पीकर किती ओमचे आहेत ते मागे बघून घ्या. 4 ओमची पेटी प्रत्येक अँप्लिफायरला झेपत नाही.