इसार घेण्याआधी कोर्टाची परवानगी घ्या

प्रश्न : वडील वारले, मृत्युपत्र नव्हतं. कोर्टाने लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा अधिकारपत्र) माझ्या नावे दिलं. मागे एक प्लॉट आणि दोघांचं हातउसनं देणं. कोर्टफी, वकील सगळं मी पदरचं भरलं. भाऊ म्हणतो, तुझं तू सोस. एक घेणेकरी ‘आधी माझे भागव’ म्हणून मागे लागलाय. गिऱ्हाईक तयार आहे. प्लॉट विकू का?

उत्तर : ताई, इसार घेतला नसेल तर थांबा. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ३०७ प्रमाणे तुम्हाला स्थावर मिळकत विकायला कोर्टाची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता केलेलं खरेदीखत तुमचा भाऊसुद्धा रद्द करून मागू शकेल. अर्जाला देण्यांची यादी आणि मूल्यांकन जोडा.

खर्चाबाबत भावाचं चुकतंय. वाजवी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणातला खर्च सर्वांत आधी. त्यानंतर लगेच लेटर्स मिळवण्याचा आणि मिळकतीच्या व्यवस्थेसाठी लागलेल्या कोर्टकामाचा खर्च. तो आधी वजा करून घ्या. मात्र पावत्या हव्यात. ‘वकिलांना रोख दिले’ एवढ्यावर भागत नाही. आणि भावाशी हिश्श्यावरून भांडायला जो वकील लावाल, त्याची फी यात घुसवू नका.

पुढचा नंबर वडिलांकडे कामाला असलेल्यांच्या मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांच्या पगाराचा. मग उरलेली देणी, आणि तिथे घाई करणाऱ्याला अग्रक्रम नाही. समजा हातात १२ लाख उरले, एकाचे १० आणि दुसऱ्याचे ६ लाख देणं आहे. रुपयाला ७५ पैसे पडतात : एकाला साडेसात, दुसऱ्याला साडेचार. प्लॉट कोणाकडे गहाण असेल तर गोष्ट वेगळी, त्याचा बोजा प्लॉटवरच राहतो. उसनवारीच्या चिठ्ठीवरची तारीखही बघा. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते.

वाटपाआधी घेणेकऱ्यांसाठी रीतसर नोटीस काढा. नंतर उगवलेल्या, तुम्हाला माहीत नसलेल्या मागणीपासून तीच तुम्हाला वाचवते.

राहिलेल्या अडीच लाखांसाठी दहा लाखांचा घेणेकरी दारात आला, तरी तुमच्या पगाराला हात लावता येत नाही. वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मिळकतीपुरतीच. पण दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत ‘मी देईन’ असं कुठे सही करून दिलं असेल, तर तो कागद आधी वकिलाला दाखवा.