जुन्या वेस्टर्न (अमेरिकेतल्या काउबॉयांच्या) सिनेमांतला इतिहास कितपत खरा असतो? पाहताना चुका ओळखायच्या कशा?

कपडे, भाषा, गावाची रचना यांवर वाद घालता येतो. बंदुकीचं मात्र साल ठरलेलं असतं, म्हणून सुरुवात तिथून करा. आधी कथा कोणत्या वर्षी घडते ते पाहा, मग 1873 हे साल डोक्यात ठेवा. कोल्टचं 'सिंगल अ‍ॅक्शन आर्मी' हे प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर आणि विंचेस्टरची 1873 रायफल, दोन्ही त्याच वर्षीची.

'द सर्चर्स' (1956) 1868च्या टेक्ससमध्ये सुरू होतो. जॉन वेनच्या कमरेला मात्र 1873चं कोल्ट आणि हातात 1892ची विंचेस्टर, म्हणजे रायफल तब्बल 24 वर्षं आधीच पोचलेली! ओळखायला सोपी आहे. विंचेस्टरच्या 1866च्या रायफलची मधली पेटी (रिसीव्हर, म्हणजे नळी आणि दस्ता यांच्यामधला भाग) पितळी असते. 1873च्या पेटीवर बाजूला वेगळी पट्टी आणि वर सरकतं झाकण दिसतं. 1892ची पेटी सपाट, एकसंध.

रिव्हॉल्व्हरचं पाहायचं तर नळीखाली बघा. तिथे जाड दांडा (लोडिंग लिव्हर) असेल तर ते मुळात ठासणीचं. त्याच्या फिरत्या सिलिंडरच्या प्रत्येक घरात दारू ओतायची, शिशाची गोळी ठेवायची, दांड्याने दाबायची, मग मागच्या बाजूला ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवायची. सहा घरं भरेपर्यंत चकमक संपलेली असते. 1873च्या कोल्टमध्ये मागच्या छोट्या दारातून एकेक काडतूस सरकवतात.

'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (1966) इथे अर्धा पास होतो. कथा 1862ची, त्यामुळे 1851चं नेव्ही कोल्ट, म्हणजे ठासणीचं रिव्हॉल्व्हर, बरोबर. पण ते काडतुसावर चालणारं करून घेतलेलं आहे. काडतूस मागून घालता येईल अशा आरपार छिद्रांच्या सिलिंडरचं पेटंट 1869पर्यंत स्मिथ अँड वेसनच्या हाती होतं, त्यामुळे कोल्टला तसं रिव्हॉल्व्हर बनवताच येत नव्हतं. अमेरिकन यादवी युद्धाच्या (1861–65) कथेत पट्ट्यावर रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची रांग दिसली की गडबड समजा.

हे सगळं अज्ञानातून झालं असं नाही. हॉलिवूडमध्ये 'फाइव्ह-इन-वन' नावाचं एकच खोटं (गोळी नसलेलं, नुसता बार काढणारं) काडतूस .38-40 आणि .44-40 या मापांच्या रायफलीत, शिवाय त्या दोन्हींच्या आणि .45 च्या रिव्हॉल्व्हरमध्येही चालायचं. सेटवर एकच खोका पुरायचा. ठासणीचं रिव्हॉल्व्हर प्रत्येक टेकनंतर भरत कोण बसणार?

धूरही तपासा. बिनधुराची दारू 1880च्या दशकाच्या मध्यात आली आणि रिव्हॉल्व्हरपर्यंत पोचायला आणखी काही वर्षं गेली. त्याआधी बंद खोलीत चार-पाच बार झाले की समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. पडद्यावर धूर एवढा दाट असता तर नायकाचा चेहराच गेला असता, ही अडचण मला मान्य आहे. मांडीला बांधलेलं, खाली लोंबणारं होल्स्टर मात्र निव्वळ सिनेमाची देणगी.

घटनांच्या बाबतीत तर 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (1946) काहीच पाळत नाही. तो ज्या चकमकीवर आहे ती अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावातली ओके कोरलची चकमक 26 ऑक्टोबर 1881ची, जेमतेम 30 सेकंदांची. वादाचं एक कारण टूमस्टोनमध्ये शस्त्र बाळगण्यावर असलेली बंदी. सिनेमात त्या चकमकीत लढलेला बंदूकबाज डॉक हॉलिडे तिथेच मरतो. प्रत्यक्षात तो 1887मध्ये कोलोरॅडोत क्षयाने गेला. शिवाय मागे दिसणारी मॉन्युमेंट व्हॅली टूमस्टोनपासून सरळ रेषेतसुद्धा पाचशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला आहे.