सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेचे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट : बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) पांढरीफटक, चेहरे काळे. काय करू?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. फोटो जानेवारीत भर दुपारी काढले आणि रोल एप्रिलमध्ये घरी धुतला, म्हणजे डेव्हलप केला. (फिल्टर बदलले की प्रिंट सगळी करडी येते, असंही तुम्ही लिहिलंय; त्याकडे शेवटी येतो.) प्रिंटचं दुखणं बहुतेक तिथंच आहे, एन्लार्जरपाशी (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्रापाशी) नाही.

आधी निगेटिव्ह उजेडात धरा. चेहऱ्यांच्या जागी फिल्म नुसती काचेसारखी दिसते का? मग तिथं प्रकाश कमी पडलाय. बाराबंदीची जागा इतकी दाट आहे का, की पेपरवर ठेवली तर खालची छापील अक्षरं वाचता येत नाहीत? मग डेव्हलपिंग जास्त झालंय. तुमच्या वर्णनावरून दोन्ही झालेलं दिसतंय.

नंदीध्वजांभोवती (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांभोवती) सगळी पांढऱ्या कपड्यांची गर्दी असते. प्रकाश मोजणारा मीटर त्या पांढऱ्यालाच भुलतो आणि प्रकाश कमी करून टाकतो. पुढच्या वेळी जवळ जाऊन सावलीतल्या चेहऱ्यावर रीडिंग घ्या. एचपी ५ ही इलफर्डची फिल्म ४०० आयएसओची असली तरी सोलापूरच्या दुपारी मी मीटर २०० वरच ठेवतो आणि डेव्हलपिंगची वेळ पाचव्या हिश्शाने कमी करतो. सावलीत तपशील येतो, पांढरंही हाताबाहेर जात नाही.

आता पाणी. एचपी ५ ला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये (डी-७६ जवळजवळ तेच) एकास एक पाणी घालून २० अंशांना १३ मिनिटं लागतात. ही वेळ २० अंशांची आहे! एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या वर असतं, त्यात १३ मिनिटं ठेवलं की फिल्म करपलीच म्हणायची. २० चा हट्ट धरू नका. माठातलं पाणी घ्या, थर्मामीटर लावा, २४ वर आणून साधारण ९ मिनिटं धरा. २०० वर काढलेल्या रोलला सात. माठानं भागलं नाही तर बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकला तर तो पातळ होतो. हायपो (फिल्म पक्की करणारा फिक्सर) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं हवं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, नाहीतर बोअरच्या क्षारांचे डाग फिल्मवर वाळतात.

प्रिंटचा माझा क्रम ठरलेला आहे : आधी पांढरं, मग काळं. लेन्स एफ ८ वर, कॉन्ट्रास्टचा फिल्टर २ नंबरचा (नंबर जितका मोठा तितका कॉन्ट्रास्ट जास्त), आणि कागदाची पट्टी बाराबंदीवर येईल अशी ठेवून टेस्ट स्ट्रिप, म्हणजे एकाच पट्टीवर टप्प्याटप्प्यानं वाढत्या वेळा. कापडाची चुणी, शिवण जिथं नुकती दिसायला लागते, ती वेळ तुमची. त्या वेळेला पूर्ण प्रिंट काढा आणि मगच काळ्याकडे बघा. काळं करडं वाटलं तर फिल्टर चढवा, सावल्या बुजल्या तर उतरवा. इलफर्डचे ००पासून साडेतीनपर्यंतचे फिल्टर एकाच वेळेवर चालतात, ४ ते ५ ला दुप्पट वेळ लागते.

फिल्टर बदलूनही सगळं करडं येतंय म्हणता, तर दोन शंका आहेत. एक, प्रिंट काळी पडतेय असं वाटून तुम्ही ती डेव्हलपरमधून लवकर उचलताय. आरसी (प्लॅस्टिकचा थर असलेल्या) कागदाला मिनिटभर द्याच, जास्त काळी झाली तर एक्स्पोजर कमी करा. दुसरी, सेफलाइट, म्हणजे डार्करूममधला मंद रंगीत दिवा. अंधारात कागदावर एन्लार्जरचा अगदी थोडा, हलका करडा येईल एवढा प्रकाश द्या, मग सेफलाइट लावून त्यावर नाणं ठेवा आणि पाच मिनिटांनी डेव्हलप करून बघा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा लांब न्या.

हातातला रोल मात्र टाकू नका. १ नंबरच्या फिल्टरवर प्रिंट काढा, त्या वेळेत चेहऱ्यांवर तारेला लावलेलं पुठ्ठ्याचं टिकलं हलतं ठेवून प्रकाश अडवा. मग ०० लावून फक्त बाराबंदीला जादा प्रकाश द्या, पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकातून, हात सतत हलता ठेवून. कापडाला पोत येईल. ज्या चेहऱ्यांत निगेटिव्हवर काहीच नाही, ते काळेच राहतील. ती फ्रेम सोडून शेजारची घ्या.