माइकवर ताई आहेत, पण फोन कुणाला लावता?

गेल्या महिन्यात या सदरात कम्युनिटी रेडिओबद्दल, म्हणजे आपल्या भागापुरत्या, तिथल्याच लोकांनी चालवलेल्या छोट्या केंद्रांबद्दल जरा लिहिलं होतं आणि त्यावर इतकी पत्रं, इतके व्हॉट्सॲप मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय, रेडिओवर बायकांना किती आणि कसली जागा मिळते याला. बहुतेक पत्रं रेडिओत काम करणाऱ्यांचीच आहेत, बऱ्याच जणींनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, तेव्हा कुणाचंच देत नाही. मी स्वतः खूप वर्षं रेडिओत काढलीत, आधी निवेदन, मग कार्यक्रम करणं, मग नवीन पोरापोरींना शिकवणं, त्यामुळे हे सगळं बघितलेलं आणि करून पाहिलेलं सांगतेय.

आमच्या कम्युनिटी रेडिओवर सात निवेदकांपैकी चार मुली आहेत. तरी परवा मीटिंगमध्ये एक ताई म्हणाल्या की आपल्याकडे समानता नाहीये. मला खरंच कळलं नाही, अजून काय करायचं? (कार्यक्रम समन्वयक, मराठवाडा)

दादा, ताईंचं बोलणं मनावर न घेता तुम्ही ते समजून घ्यायला निघालात, याचा फार आनंद झाला. मुली निवेदन करतायत हे चांगलंच आहे, पण ती मुलगी प्रश्न विचारते तेव्हा समोर उत्तर द्यायला कोण बसलेलं असतं ते आठवून बघा. पाण्यावर ग्रामसेवक, पिकावर कृषी सहायक, कर्जावर बँकेचे साहेब, गावाच्या इतिहासावर कॉलेजचे सर. म्हणजे विचारणारी बाई आणि ज्याला कळतं तो पुरुष, ऐकणाऱ्याच्या कानावर रोज हेच पडतं. आणि हे फक्त तुमच्याकडेच नाही हो, जगभरच्या बातम्यांची दर पाच वर्षांनी मोजणी होते, ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट म्हणतात, त्यात १९९५ साली बातमीत ज्यांच्याबद्दल बोललं जातं किंवा ज्यांना विचारलं जातं त्यात बायका होत्या १७ टक्के आणि २०२० मध्ये २५ टक्के. पंचवीस वर्षांत एवढंच.

मग करायचं काय, तर मोजायचं. बीबीसीत २०१७ साली रॉस ॲटकिन्स नावाच्या निवेदकाने आपल्या रोजच्या बातम्यांच्या कार्यक्रमात हे सुरू केलं, कार्यक्रम संपला की सगळ्यांनी दोन मिनिटं बसायचं आणि आज किती बायका बोलल्या, किती पुरुष, एवढं लिहायचं. ३९ टक्क्यांवरून चार महिन्यांत ५० वर आले. त्यांचा एक नियम मला फार आवडला, ज्याची निवड आपल्या हातात नाही तो माणूस मोजायचाच नाही. म्हणजे मुख्यमंत्री बोलले तर ते बोलले, पण त्यावर मत द्यायला कुणाला बोलावलं ते आपल्या हातात होतं, ते मोजा.

तुम्हाला याला कॉम्प्युटर वगैरे काही लागत नाही, दोनशे पानी वही घ्या, दोन रकाने आखा. आम्ही केलं तेव्हा पहिल्या शनिवारी वही उघडली आणि शेतीच्या कार्यक्रमाचं पान बघून सगळेच गप्प झालो, बाईच्या रकान्यात एक रेघ नव्हती. आणि आमचा भाग कापसाचा. निंदणी बाया करतात, वेचणी बाया करतात, कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या असतात, आणि अख्ख्या आठवड्यात पिकाबद्दल त्यांच्यापैकी एकीलाही आम्ही विचारलं नव्हतं. वर प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात काय, तर "शेतकरी बांधवांनो".

बरं यात नुसता मानाचा प्रश्न नाही, माहितीच अर्धी जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून फवारणीच्या दिवसांत सगळेच सांगतात, मास्क लावा, वाऱ्याच्या उलट्या दिशेने फवारू नका, हातमोजे घाला. सगळं फवारणाऱ्याला. पण पंपासाठी पाणी आणून देते कोण, आणि संध्याकाळी ते औषधाने भिजलेले कपडे उघड्या हाताने, पोराच्या शाळेच्या शर्टासोबत एकाच बादलीत धुते कोण? हा मुद्दा आम्हाला कुठल्या अधिकाऱ्याने नाही सांगितला, एका मजूर बाईंनी सांगितला, त्यांच्या हाताची सालटं निघत होती. ते कपडे वेगळे भिजवा, वेगळे धुवा, धुताना हातमोजे तुम्हीही घाला, हा कार्यक्रम त्यानंतर झाला. त्यांना विचारलंच नसतं तर तो झालाच नसता.

तेव्हा निवेदक मोजू नका, फोनची डायरी मोजा. सगळ्यांनी मिळून एका दुपारी बसा आणि प्रत्येक विषयासमोर एका तरी बाईचा नंबर लिहा, पशुवैद्यक, वकील, एसटीच्या कंडक्टर, बचत गटाचे हिशोब बघणाऱ्या ताई, ट्रॅक्टर चालवणारी कुणी असेल तर ती. सरपंचांचा नंबर तर आधी तपासा! महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण डायरीत "सरपंच" लिहून पुढे नंबर असतो मिस्टरांचा, तेच उचलतात, तेच बोलतात आणि आपण तेच "सरपंच म्हणाले" म्हणून लावतो. मी नव्या पोरांना एकच सांगते, मिस्टरांनी उचलला की म्हणा, "भाऊ, फोन सरपंचबाईंकडे द्या, आम्ही थांबतो." आणि खरंच थांबा. पहिल्यांदा त्या दोनच वाक्यं बोलतील, ती दोन लावा.

एक नियमाचंही सांगते, २०२४ च्या सुधारित धोरणाप्रमाणे कम्युनिटी रेडिओच्या सल्लागार आणि आशय समितीत निम्म्या सदस्य बायका असायला हव्यात. तुमच्या समितीची यादी काढून बघा, आणि नुसती नावं बघू नका, मागच्या तीन मीटिंगांच्या सह्या पण बघा.

मी चार वर्षं रेडिओवर आहे. मला पाककृती, सौंदर्य, सणवार हेच मिळतं. बाजारभाव, खेळ, निवडणुकीची माहिती सगळं मुलांकडे. मागितलं तर "ताई तुमचा आवाज घरगुती आहे" म्हणतात. (एक निवेदिका, उत्तर महाराष्ट्र)

हे वाचून माझ्या पोटात तुटलं, कारण हेच वाक्य मी पण ऐकलंय. आवाज घरगुती वगैरे काही नसतं ग, सवय असते. पुणे आकाशवाणीवरून सुधा नरवणे बातम्या द्यायच्या तेव्हा लोक हातातलं काम थांबवून ऐकायचे. आणि खेळाचं म्हणशील तर चंद्रा नायडूंनी, म्हणजे क्रिकेटपटू सी. के. नायडूंच्या कन्येने, १९७० च्या दशकात इंदूरला क्रिकेटची कॉमेंटरी केलीय, हिंदीतून.

एक मात्र मनापासून सांगते, बायकांच्या कार्यक्रमाला कमी समजू नकोस. आकाशवाणीच्या "वनिता मंडळा"मुळे कितीतरी बायका पहिल्यांदा घराबाहेर पडून माइकसमोर बसल्या, त्यात डॉक्टर बोलल्या, लेखिका बोलल्या, ऐकणाऱ्यांनी पत्रं लिहिली. तो कार्यक्रम हवाच, पण बायकांचं सगळं त्या अर्ध्या तासात उरकलं आणि बाकीचा दिवस पुरुषांचा, असं व्हायला नको. आणि त्या अर्ध्या तासातही आपण विषय वाढवू शकतो, सातबाऱ्यावर बायकोचं नाव कसं लावतात, बचत गटाच्या कर्जाचं व्याज कसं मोजायचं, हे स्वयंपाकाच्या कार्यक्रमात मधेच पाच मिनिटं घेतलेलं मी बघितलंय आणि त्याच पाच मिनिटांवर सगळ्यात जास्त फोन आले होते.

मागताना नुसतं "मला पण द्या" म्हणू नकोस, एक एपिसोड करूनच घेऊन जा. कांद्याचा लिलाव सकाळी असतो ना, मार्केट यार्डात जा, व्यापारी बोलतीलच, पण मागे पत्र्याखाली कांदा निवडत बसलेल्या बायकांना प्रतवारीचं विचार, चांगला आणि बदला, म्हणजे खराब कांदा हातात घेतल्या घेतल्या कसा ओळखतात ते त्या सांगतील. तो ऐकव. आणि मीटिंगमध्ये ड्युटी चार्ट फिरता ठेवायची मागणी कर, दर तीन महिन्यांनी विषय बदलायचे, मुलांनीही. रेकॉर्डिंग, मिक्सिंगसुद्धा शीक, नाहीतर मशीनला हात लावायला कायम कुणालातरी दादा म्हणत बसावं लागतं. तेलंगणात जहीराबादजवळ संघम रेडिओ आहे, २००८ पासून दलित बायका चालवतात, जनरल नरसम्मा आणि अलगोल नरसम्मा या दोघी गावातल्याच, स्टुडिओतलं आवाजाचं मशीन, म्हणजे कन्सोल, त्याच सांभाळतात, रेकॉर्डिंगही त्याच करतात. आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी त्याच वर्षीची. लांब कशाला जायचं, एक दिवस तिथे जाऊन बस.

मी बातम्या लिहिण्याचं काम करते, कॅज्युअल म्हणून, म्हणजे कायम नोकरीवर नाही. भाषेत काय बदलावं? वरिष्ठ म्हणतात भाषा भाषा असते, तिला काय बाई-पुरुष. (पुण्याहून)

मराठीला तर आहेच की! आपलं क्रियापदसुद्धा बाई-पुरुष सांगतं आणि मान-अपमानही. एक आठवडा फक्त एवढंच बघ, कुणाला "त्या म्हणाल्या" आणि कुणाला "ती म्हणाली". तहसीलदार बाईंना त्या, गावातल्या आशा सेविकेला ती. रिक्षावाले दादा "म्हणाले" आणि भाजीवाली "म्हणाली". वयाने मोठ्या माणसांना एकेरी लावायचंच नाही, मग तो कुणी का असेना, एवढा एकच नियम वृत्तकक्षात लिहून चिकटव.

मग ती ठरलेली वाक्यं, वर्षानुवर्षं चालत आलेली. "एकतर्फी प्रेमातून हल्ला". एक जण मुलीच्या मागे लागला, ती नाही म्हणाली, त्याने कोयता काढला, यात प्रेम कुठून आलं? "नकार दिल्याच्या रागातून हल्ला" लिहावं, जे झालं ते. "अब्रू लुटली" तर कायमचं काढून टाक, अब्रू गेलीच असेल तर त्याची गेली. "विवाहितेची आत्महत्या" म्हणतो, पुरुषाबद्दल कधी "विवाहिताची आत्महत्या" ऐकलंयस? पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये असलं सगळं येतं, सकाळच्या बुलेटिनची घाई असते, जसंच्या तसं उचललं जातं, मला माहितीये. म्हणून पंधरा-वीस शब्दांचा एक कागद करून टेबलाच्या काचेखाली ठेव, बुलेटिन लिहिताना समोर दिसला पाहिजे.

आणि बलात्काराच्या बातमीत ओळख उघड करणं गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. नाव नाही दिलं पण छोट्या गावाचं नाव, बापाचा धंदा आणि मुलीची इयत्ता दिली तर उरलं काय? रेडिओत तर आवाज पण असतो, शेजारणीचा बाइट, म्हणजे रेकॉर्ड केलेलं बोलणं लावलं तरी गावाला घर कळतं.

पहाटेची ड्युटी असते, साडेपाचला पोचावं लागतं. शिवाय एक जाहिरातदार स्टुडिओत येऊन काहीबाही बोलतो, मॅनेजर म्हणतात दुर्लक्ष कर, त्यांच्यावर आपला खर्च निघतो. आमच्याकडे आठच जण आहेत, त्यामुळे तक्रार समिती नाही म्हणतात. (वय २३, विदर्भ)

बाळा, दुर्लक्ष करायचं नाही. तारीख, वेळ, काय बोलला, कोण हजर होतं, आजच लिहून ठेव. दहापेक्षा कमी माणसं असली की ऑफिसात अंतर्गत समिती बंधनकारक नाही हे खरंय, पण म्हणून तू वाऱ्यावर नाहीस, कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास कार्यालयात विचार. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची, उशिराचं कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. तू पगारी आहेस, ट्रेनी आहेस की मानधनावर, काही फरक पडत नाही, स्वयंसेवकसुद्धा यात येतात. आणि माणूस बाहेरचा असला तरी कामाच्या जागी येणाऱ्या लोकांपासून तुला सुरक्षित ठेवणं हे मालकाचं काम आहे, कायद्यात लिहिलंय. मॅनेजरांना हे तोंडी सांगू नकोस, ईमेल कर.

पहाटेचं म्हणशील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षितता आणि घरापर्यंतची गाडी द्यावी लागते. तो कायदा इतक्या लहान ठिकाणी लागू होत नाही, तुमची आठच आहेत, पण मागणी करायला काय हरकत आहे? एका ठिकाणी मुलींनी मागितलं की पहाटेची लाइव्ह सभा, म्हणजे त्या वेळचं प्रसारण, आदल्या संध्याकाळी रेकॉर्ड करू, आणि ते झालं. मात्र "मुलींना नकोच पहाटेची" असं होऊ देऊ नका, सकाळी सगळ्यात जास्त ऐकतात, ती सभा हातची गेली की नावही जातं.

सगळं बायकांचंच चाललंय. आम्हा पुरुषांना रेडिओवर काय? (नाशिक)

काका, तुमच्यासाठीही यात खूप आहे. आजारी बायकोचं सगळं करणारे, एकट्याने पोरी वाढवणारे, अंगणवाडीत मुलाला सोडायला येणारे बाप, यांना रेडिओवर कधी कुणी बोलावत नाही. पालकत्वाच्या कार्यक्रमात दर वेळी आईलाच का बसवायचं? वहीत हाही रकाना भरायचाय, तुम्ही याल का बोलायला?

आमच्या फोन-इनला, म्हणजे ऐकणाऱ्यांनी फोन करून बोलायच्या कार्यक्रमाला, बायकांचे फोनच येत नाहीत. आवाहन करून थकलो. (एक निर्माता, कोकण)

वेळ काय आहे कार्यक्रमाची? पत्रात लिहिलंय, संध्याकाळी सात. त्या वेळी तव्यावर भाकरी असते हो. आणि बऱ्याच घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. आम्ही दुपारी अडीचला रिपीट ठेवला आणि फोन लावायच्या ऐवजी मिस्ड कॉल द्या, आम्ही उलटा करू असं केलं, बॅलन्सचा प्रश्न मिटला. ज्यांना लाइव्ह बोलायची भीती त्यांच्यासाठी व्हॉइस नोट, नाव सांगायची सक्ती नाही, "गावातली एक ताई" एवढं पुरतं. बचत गटाच्या मीटिंगच्या दिवशी रेकॉर्डर घेऊन तिथेच जाऊन बसा, पण खुर्चीवर नाही, सतरंजीवर. पहिला अर्धा तास कुणी बोलत नाही. मग एखादी म्हणते, "हे चालू हाय का?" आणि तुम्ही हो म्हणालात की पदर सारखा करून ती बोलायला लागते.