गणिताला बाई आल्यात, आता?

“मॅडम, नववीला गणिताला बाई आल्यात. आधीच हिचं गणित कच्चं. शाळा बदलता येत नाही, निदान सरांचा क्लास तरी लावू का?”

शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा आयाच तो घेऊन येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घटक चाचणीत लेकीला वीसपैकी सहा. ती शेजारी बसून पाण्याच्या बाटलीवरचं लेबल सोलत होती.

आईला मी सांगितलं, की यावर अभ्यास झालेत आणि ते तुमच्या भीतीच्या उलट बोलतात. आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांवरचा मुरलीधरन आणि शेठ यांचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. बाई शिकवत असतील तर मुलींची प्रगती जराशी जास्त होते आणि मुलांचं काही बिघडत नाही, असं त्यात दिसलं. फरक लहान आहे, म्हणून आता बाईंचाच क्लास शोधत फिरू नका!

दुसरा अभ्यास मात्र आईला जरा टोचला. २०१० मध्ये अमेरिकेत पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या बाईंना स्वतःलाच गणिताची धास्ती, त्यांच्या वर्गातल्या मुली वर्षाअखेरीस गणितात मागे पडलेल्या दिसल्या, मुलगे नाही. वर्षाच्या सुरुवातीला असा काही संबंध नव्हता.

“म्हणजे बाई घाबरट असतील तर?”

“नववीच्या बाई घाबरतात का?” मी लेकीला विचारलं.

“नाही. एकच गणित दोन-तीन रीतींनी सोडवतात.” मग हळूच म्हणाली, “घरी आई म्हणते, आपल्याकडे बायकांना गणित येतच नाही.”

आई गप्प झाली. घरी गणित बाबांकडे आणि मराठी आईकडे अशी वाटणी होती. तीच आई बचत गटाचा हिशेब वहीत ठेवते, व्याजासकट.

वही उघडली तेव्हा खरं दुखणं सापडलं. आठवीत कावीळ झाली, शाळा दीड महिना बुडाली, त्यात बैजिक राशींचे अवयव राहून गेले. आता बहुपदी आली की कंस सोडवताना वजा चिन्ह हरवायचं. सर शिकवोत की बाई, हा खड्डा तसाच राहिला असता.

ठरलं एवढंच: रोज वीस मिनिटं आठवीचं पुस्तक, अडेल ते बाईंना मधल्या सुट्टीत विचारायचं, आणि आईने ‘ते’ वाक्य बंद करायचं. शेवटचं सगळ्यात अवघड गेलं, असं आईनेच नंतर फोनवर सांगितलं.

दुसऱ्या चाचणीत अकरा आले. आईचा लगेच पुढचा प्रश्न, “दहावीला तरी सरांचा क्लास लावायचा ना?”