एनआयसीयूत झालेला बाप्तिस्मा: पुन्हा करायचा नसतो, नोंदवून घ्यायचा असतो

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. बाळ सातव्या महिन्यात झालं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) रात्री अचानक बिघडलं, ड्यूटीवरच्या ख्रिस्ती नर्सने बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती धर्मात घेण्याचा संस्कार) दिला. आता बाळ घरी आहे, बाळसं धरतंय, आणि पॅरिश ऑफिस, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चचं ऑफिस, म्हणतंय, "आमच्याकडे नोंद नाही, पुढच्या सामूहिक बाप्तिस्म्याच्या बॅचला नाव द्या, रीतसर करून टाकू." त्यात सासूबाईंचं म्हणणं, नर्सच्या हातचा कसला आलाय बाप्तिस्मा! आमच्या लेकीच्या वेळी मी हे शब्दशः ऐकलंय. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

मी कॅथलिक आहे, म्हणून त्याच चर्चबद्दल बोलतो. धर्मगुरू नाही, चर्चच्या कायद्याचा जाणकारही नाही. मनस्ताप झाला तेव्हा जे वाचावं लागलं आणि ज्या फादरांनी शेवटी मदत केली त्यांनी जे समजावलं, तेवढीच माझी पुंजी. अंतिम शब्द तुमच्या पॅरिश प्रीस्टचा (पॅरिशच्या प्रमुख फादरांचा). पण "ऑफिसने सांगितलं" आणि "फादरांनी सांगितलं" यात फरक असतो. तुमच्या पोस्टमध्ये फादर कुठेच दिसले नाहीत, म्हणून आधी त्यांची वेळ घ्या.

आता सासूबाईंचा मुद्दा. १९८३ च्या कॅनन लॉमधलं (कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं) कलम ८६१ त्यांना वाचून दाखवा. एरवी बाप्तिस्मा बिशप, धर्मगुरू किंवा डीकनने (धर्मगुरूच्या खालच्या पदावरच्या दीक्षिताने) द्यायचा, पण गरज पडली तर कोणीही देऊ शकतं, फक्त चर्च जे करतं तेच करायचा हेतू हवा. नर्स ख्रिस्ती नसती तरी चाललं असतं. त्याच कलमात पुढे असंही आहे की हे कसं करायचं ते धर्मगुरूंनी लोकांना शिकवून ठेवावं. किती ठिकाणी शिकवतात? मी आजवर एकाही प्रवचनात ऐकलेलं नाही. लग्नाच्या तयारीच्या वर्गात हजार विषय घेतात, हा पाच मिनिटांचा विषय मात्र कुणालाच सुचत नाही. असो.

जीव धोक्यात असताना फक्त दोन गोष्टी लागतात: खरं पाणी आणि ठरलेले शब्द. पाणी आशीर्वादित नसलं तरी चालतं. तेल, मेणबत्ती, पांढरं वस्त्र, धर्मपिता-धर्ममाता (गॉडपेरेंट्स) यांतलं काही नसलं तरी बाप्तिस्मा पूर्ण असतो. आमच्या लेकीच्या डोक्याला अर्ध्या भागात चिकटपट्टी आणि नळ्या होत्या. नर्सने इनक्युबेटरच्या गोल खिडकीतून हात घालून, सुई काढलेल्या सिरिंजने कानाच्या वरच्या मोकळ्या जागी पाणी सोडलं, खाली गॉजचा तुकडा धरून. तेवढं पुरतं.

म्हणून तुमचा खरा प्रश्न एवढाच उरतो, की त्या रात्री पाणी आणि शब्द बरोबर होते का. हे फक्त ती नर्सच सांगू शकते. तिला आजच फोन करा. पाणी कातडीवरून वाहिलं की ओल्या कापसाने नुसतं पुसलं, हे विचारा. शब्द नेमके काय होते, हेही. "मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते" असं कोणत्याही भाषेत म्हटलेलं चालतं, पण "मी"च्या जागी "आम्ही" चालत नाही. ही माझी किरकिर समजू नका. ऑगस्ट २०२० मध्ये रोमहून तसा खुलासा जाहीर झाला. त्यानंतर अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका तरुण धर्मगुरूने स्वतःच्या बाप्तिस्म्याचा घरचा व्हिडिओ पाहिला, तर त्यात डीकन "आम्ही" म्हणत होता! त्या बिचाऱ्याचा बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार), गुरुदीक्षा सगळं पुन्हा करावं लागलं. नर्सला उत्तर सुचवू नका, तिलाच आठवून बोलू द्या. "तुम्ही असंच म्हणालात ना?" असं विचारलंत तर ती हो म्हणेल आणि त्या होकाराला काडीची किंमत राहणार नाही.

हे दोन्ही बरोबर असेल तर बाप्तिस्मा झाला. मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) विश्वासांगीकार म्हणताना आपण एकच बाप्तिस्मा मानतो असं म्हणतो, ते याच्यासाठीच. खबरदारी म्हणून आणखी एकदा, हा प्रकार चर्चला मान्य नाही. चौकशी करूनही खराखुरा संशय उरला तर सशर्त बाप्तिस्मा देतात, "तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर" अशी सुरुवात करून. ते कलम ८६९ मध्ये आहे. पण वहीत नोंद नाही म्हणजे बाप्तिस्म्याबद्दल संशय आहे असं होत नाही. ऑफिसातल्या माणसाला हे पटवत बसू नका, त्यात फक्त तोंड कोरडं पडतं.

आता जिथे आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते सांगतो.

नोंद कुठे करायची? कलम ८७८ म्हणतं, बाप्तिस्मा पॅरिश प्रीस्टने दिलेला नसेल आणि त्याच्यासमोरही झालेला नसेल, तर ज्याने दिला त्याने त्या जागेच्या पॅरिश प्रीस्टला कळवायचं आणि त्यांनी नोंद करायची. त्या जागेच्या, म्हणजे हॉस्पिटल ज्या पॅरिशच्या हद्दीत येतं तिथल्या. आई-वडिलांच्या पॅरिशच्या नव्हे. आम्ही हॉस्पिटलजवळच्या पॅरिश ऑफिसात गेलो, तर "बाप्तिस्मा आमच्या चर्चमध्ये झाला नाही, तुमच्या पॅरिशला जा." आमच्या ऑफिसात गेलो, तर "इथे झाला नाही, तिकडे जा." दोन्हीकडची वाक्यं तीच, फक्त बोट दाखवायची दिशा उलटी. वही उघडून पाहायची तसदी कोणीच घेतली नाही, फादरांपर्यंत कागद जाऊ दिला नाही, आणि लेखी उत्तर मागितलं की "तशी पद्धत नाही."

बरेच हेलपाटे झाल्यावर आमच्या ऑफिसने मधला मार्ग काढला. बाप्तिस्मा झालेल्या बाळाला चर्चमध्ये आणण्याचा जो वेगळा विधी आहे, तो एका रविवारी करून दिला. विधी सुरेख झाला, फादरांनी पाणी ओतलं नाही, अगदी बरोबर. नंतर ऑफिसने वहीत काय लिहावं? बाप्तिस्म्याची तारीख म्हणून त्या रविवारची तारीख, जागा म्हणून ते चर्च, बाप्तिस्मा देणारे म्हणून ते फादर! म्हणजे ज्या दिवशी पाण्याचा थेंब लागला नाही तो दिवस बाप्तिस्म्याचा, आणि ज्या रात्री खरोखर बाप्तिस्मा झाला तिचा कुठे उल्लेखही नाही. मी तिथल्या तिथे हरकत घेतली. उत्तर मिळालं, "साहेब, दाखला मिळतोय ना? मग झालं तर."

हे उघडं पडलं ते घर बदलल्यावर, मुलगी पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वयाची झाली तेव्हा. नव्या पॅरिशचे फादर काटेकोर. गप्पांत हॉस्पिटलचा विषय निघाला. त्यांनी दाखला पाहिला आणि विचारलं, "या तारखेला पाणी ओतलं होतं का?" नाही. "मग हॉस्पिटलातल्या बाप्तिस्म्याचा साक्षीदार कोण?" तिथेच घोडं अडलं. त्या रात्री इनक्युबेटरपाशी नर्स आणि माझी आई, दोघीच होत्या. बायको ऑपरेशननंतर वेगळ्या मजल्यावर, मी औषधं आणायला खाली गेलेलो. आई मधल्या काळात वारली होती आणि नर्स नोकरी सोडून परदेशी गेली होती. कलम ८७६ प्रमाणे कोणाच्या हिताला बाधा येत नसेल तर एका विश्वासू साक्षीदाराचं निवेदन पुरतं. पण तो एक साक्षीदार जिवंत आणि पत्त्यावर असायला हवा ना! सुरुवातीलाच कोणी आईचं निवेदन कागदावर घेतलं असतं तर एका पानात काम होतं. ऑफिसच्या त्या "मग झालं तर"चा राग मला अजून आहे, तो लपवत नाही.

सुटका झाली ती हॉस्पिटलच्या केसपेपरमुळे. नर्सिंग नोट्सच्या पानावर, रात्रीच्या तापमानाच्या आणि ऑक्सिजनच्या आकड्यांच्या खाली, एक ओळ होती: आजीच्या विनंतीवरून बाळाला बाप्तिस्मा दिला, पुढे वेळ आणि सही. त्या सहीवरून नर्सचा माग लागला. तिने निवेदन लिहून पाठवलं, तिथल्या तिच्या फादरांनी ते साक्षांकित केलं. मग धर्मप्रांताच्या (बिशपांच्या) कार्यालयाच्या लेखी परवानगीने जुन्या नोंदीच्या समासात दुरुस्ती झाली आणि योग्य पॅरिशच्या वहीत खरी नोंद चढली. ही परवानगीची भानगड लक्षात ठेवा, बाप्तिस्म्याच्या वहीत कोणी मनाने खाडाखोड करत नाही, करूही नये. म्हणून पहिलीच नोंद बरोबर हवी.

तर ताई, तुम्ही नर्सकडून लेखी निवेदन घ्या: बाळाचं नाव (तेव्हा ठेवलेलं नसेल तर "अमक्याची मुलगी/मुलगा"), जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, वेळ, जागा, पाणी कसं ओतलं, शब्द काय, हजर कोण, आणि सही. हजर असलेल्या दुसऱ्या कोणाचंही वेगळं निवेदन घ्या. केसपेपरच्या त्या पानाची प्रत मागा, हॉस्पिटलं कागद कायम जपून ठेवत नाहीत. मग हॉस्पिटलच्या हद्दीतल्या पॅरिश प्रीस्टच्या नावे अर्ज, त्यात कलम ८७७ (वहीत काय नोंदवायचं ते) आणि ८७८ चा उल्लेख, आणि प्रत तुमच्या पॅरिश प्रीस्टना. पोच घ्या. अर्ज ऑफिसच्या खिडकीत टाकून येऊ नका. मिस्सेनंतर फादर बाहेर लोकांना भेटतात ना, तेव्हा हातात द्या. आगाऊपणा वाटेल, वाटू दे.

आता चर्चमधल्या विधीचं. तुमच्या मनात "आपल्या बाळाचं चर्चमध्ये काहीच झालं नाही" ही खंत आहे, ती समजते. पण त्यासाठी परत बाप्तिस्मा नको. १९६९ च्या बालकांच्या बाप्तिस्मा विधीच्या पुस्तकातच बाप्तिस्मा झालेल्या बाळाला चर्चमध्ये आणण्याचा विधी आहे. फादर दाराशी विचारतात, तुम्ही काय मागता? आणि आई-वडील सांगतात की आमचं बाळ चर्चमध्ये स्वीकारलं गेलंय हे सगळ्या समुदायाला कळावं. शास्त्रवाचन, सैतानाचा त्याग, श्रद्धेची कबुली, मग ख्रिझम या पवित्र तेलाचा अभ्यंग, पांढरं वस्त्र, पाश्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती. पाणी तेवढं नाही. ऑफिसला हा विधी माहीत नसण्याची शक्यता दांडगी आहे, म्हणून पुस्तकातलं ते प्रकरण फादरांनाच दाखवायला सांगा.

माझं मत विचाराल तर हे रविवारच्या मिस्सेत करा, दुपारच्या बॅचमध्ये नको. चर्चलाही बाप्तिस्म्यासाठी रविवार किंवा पाश्काची जागरण मिस्सा जास्त पसंत आहे. बॅचमध्ये कॅमेरेवाले फाँटभोवती (बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडाभोवती) असा घेर घालतात की आजी-आजोबांना नातवंडाची टाळूसुद्धा दिसत नाही, आणि तुमचं बाळ पाण्याशिवायचं एकटंच असल्यामुळे घाईत त्याच्याही डोक्यावर पाणी पडायची भीती. आधी फादरांना आठवण करा, ऐन वेळी सॅक्रिस्टनलाही (चर्चमधली तयारी पाहणाऱ्यालाही). मिस्सा लांबते आणि बाळं रडतात म्हणून काही फादर नाखूश असतात. रडू दे की.

तुमच्या मेथडिस्ट (म्हणजे प्रोटेस्टंट) मैत्रिणीला धर्ममाता करता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. ती धर्ममाता होऊ शकत नाही, पण एका कॅथलिक धर्मपित्यासोबत साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. कलम ८७४. तिचा हिरमोड करू नका.

नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्याप्रमाणेच लिहायला लावा, लाडाचं नाव अजिबात नको. या वहीच्या समासात पुढे दृढीकरण आणि लग्न चढतं. लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत करायचा नियम रोमच्या १९०७ च्या फर्मानापासून आहे. म्हणूनच लग्नाच्या वेळी घरात लॅमिनेट करून ठेवलेला जुना दाखला चालत नाही, समासातल्या नोंदींसह ताजा उतारा मागतात. लॅमिनेशनचे पैसे वाचवा.

प्रोटेस्टंट मंडळी वाचत असतील तर: तुमच्याकडे तपशील वेगळे असतील, पण कल्पना नवी नाही. अँग्लिकनांच्या (चर्च ऑफ इंग्लंडच्या) १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातही घरी घाईने बाप्तिस्मा दिलेल्या बाळाला नंतर चर्चमध्ये आणायचा विधी आहे, आणि त्यातही फादर आधी हेच विचारतात: कोणी दिला, कशाने दिला, कोणते शब्द वापरले.

नर्सचा नंबर नसेल तर वॉर्डच्या सिस्टरना विचारा, ड्यूटी चार्टवरून नाव मिळतं. आणि नर्सशी बोलणं झालं की ती नेमकं काय म्हणाली ते इथे लिहा. शब्दांत गडबड निघाली तर पुढची वाट वेगळी आहे, त्याबद्दल मग बोलू.