तीन कड्यांची गुंफण: आकार वर-खाली करू नका, छेद बघा

तुमचं काम मला समजलं ते असं. येवल्याच्या पैठणी दुकानाच्या कापडी पिशवीसाठी तीन गुंफलेल्या कड्यांचं चिन्ह हवंय. लाल कडी हिरवीच्या वर, हिरवी जांभळीच्या वर आणि जांभळी परत लालच्या वर. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार वर-खाली करणारी पेज अप, पेज डाउन ही बटणं कितीही दाबली तरी एक जोडी उलटीच राहते. छपाई नाशिकला, स्क्रीन प्रिंटिंगने, मरून कापडावर एकाच सोनेरी शाईत.

ती जोडी उलटी राहणारच. एसव्हीजीमध्ये, म्हणजे इंकस्केपच्या फाइलप्रकारात, आकार ज्या क्रमाने फाइलीत असतात, त्याच क्रमाने एकावर एक रंगवले जातात. प्रत्येक आकाराला पातळी एकच. तुम्ही मागताय ते चक्र आहे आणि चक्राला वरचं टोक नसतं. त्यामुळे अख्खी कडी हलवण्याचा नाद सोडा आणि कड्या जिथे एकमेकींना छेदतात तेवढ्याच जागा बघा.

तीन कड्यांचे छेद सहा. लाल सगळ्यात वर, मध्ये हिरवी, खाली जांभळी असं ठेवलं तर सहापैकी चार जागा आपोआप बरोबर येतात. चुकतात त्या फक्त लाल-जांभळीच्या दोन. म्हणजे दुरुस्ती दोनच ठिकाणी. जांभळी कडी निवडा, कंट्रोल-डी दाबून तिची प्रत करा आणि होम दाबून ती सगळ्यांच्या वर आणा. त्या दोन छेदांवर दोन लहान चौकोन काढा, कंट्रोल-के दाबून त्यांचा एक पाथ, म्हणजे रेषांनी बनलेला एकच आकार, करा. मग प्रत आणि चौकोन दोन्ही निवडून ऑब्जेक्ट मेनूतल्या क्लिपमधून सेट क्लिप द्या, म्हणजे प्रतीचा चौकोनांमधला भागच ठिगळासारखा दिसेल. चौकोन लाल पट्टीच्या दोन्ही कडांच्या थोडा बाहेर जायला हवा, म्हणजे ठिगळाची टोकं जांभळ्यावरच संपतात आणि सांधा दिसत नाही. नेमका छेदाएवढा तुकडा बसवलात तर कडेला केसाएवढी लाल रेघ डोकावते. मात्र चौकोन हिरवीवर जाऊ देऊ नका.

हे रंगीत चिन्हासाठी झालं, दुकानाच्या व्हॉट्सॲपवर वगैरे टाकायला पुरेसं. तुमची खरी परीक्षा पिशवीवर आहे. तिन्ही कड्या सोनेरी झाल्या की वर कोण आणि खाली कोण हे कळणारच नाही. तिथे गुंफण दिसते ती फटीमुळे: खालून जाणारी पट्टी वरच्या पट्टीच्या अलीकडे थांबते आणि पलीकडे परत सुरू होते. फट दाखवायला पांढरी कडा देऊ नका. मरून कापडावर पांढरं म्हणजे दुसरी शाई आणि दुसरी स्क्रीन (छपाईची जाळी). खरोखरची जागा कापा.

इथे तुमच्या रचनेचा एक गुण कामी येतो. तिला बोरोमियन कड्या म्हणतात, इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या चिन्हावरून. तिच्यात प्रत्येक जोडीचा वर-खाली क्रम दोन्ही छेदांवर सारखाच असतो. म्हणून चौकोन, क्लिप काही लागत नाही, तीन वजाबाक्या पुरतात. समजा पट्टी ६ मिमी जाड आहे आणि फट १ मिमी हवी आहे. प्रत्येक कडीची एक प्रत ८ मिमी जाडीची करा. सहाही वर्तुळांना पाथ मेनूतलं स्ट्रोक टू पाथ द्या, म्हणजे जाड रेघेचा (स्ट्रोकचा) आकार बनतो. मग जाड लाल हिरवीतून वजा करा, जाड हिरवी जांभळीतून आणि जाड जांभळी लालमधून. ही वजाबाकी पाथ मेनूतल्या डिफरन्सने होते; त्यात वरचा आकार खालच्यातून वजा होतो, म्हणून दर वेळी जाड प्रत वर आहे ना ते बघा. प्रत्येक कडी दोन ठिकाणी तुटेल आणि गुंफण एका शाईत स्वच्छ दिसेल. कापडावर शाई पसरते, त्यामुळे मी १ मिमीपेक्षा बारीक फट ठेवत नाही.

उद्या हेच चिन्ह नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात लेझरने ॲक्रिलिकमध्ये कापून पाटीवर लावायचं ठरलं, तरी ही कापलेलीच फाइल द्या. क्लिप फक्त दिसण्यापुरतं झाकतं. खालचा पाथ अख्खाच असतो आणि मशीन बहुतेक वेळा तो अख्खा कापत जातं. आणि दुकानदारांना धातूच्या खऱ्या कड्यांची किचेन हवी असेल तर आधीच सांगून ठेवा: अगदी सपाट, गोल कड्यांनी ही रचना करता येत नाही, कड्या थोड्या वाकवाव्याच लागतात.

कड्यांऐवजी वेटोळी, गाठी, वेलबुट्टी असेल तर कुठे वर आणि कुठे खाली हे ठरवायला एकच युक्ती. एका पट्टीवर बोट ठेवून चालत राहा: पहिला छेद वरून, दुसरा खालून, तिसरा वरून. पट्ट्या बंद असतील आणि प्रत्येक छेदावर दोनच पट्ट्या खरोखर ओलांडत असतील, तर हा हिशेब कधीच चुकत नाही, नक्षी कितीही गुंतागुंतीची असो. मला हे फार सुंदर वाटतं. तीन पट्ट्या एकाच बिंदूत आल्या तर एक जराशी सरकवा.

अशा नक्षीला इंकस्केपच्या पाथ इफेक्टमधला नॉट वापरा. तो छेद स्वतः शोधतो आणि खालच्या पट्टीत फट पाडतो. पडद्यावरचं चिन्ह ओढून छेदावर न्यायचं आणि क्लिक करून वर-खाली बदलायचं. नोड (रेघेवरचे बिंदू) हलवले की छेदांचा क्रम विस्कटू शकतो, म्हणून आकार पक्का झाल्यावरच तो लावा. इलस्ट्रेटर वापरणाऱ्यांना २०२२च्या ऑक्टोबरपासून ऑब्जेक्ट मेनूत इंटरट्वाइन मिळतं. छेदाभोवती रेघ फिरवली की काम झालं. कोरलड्रॉमध्ये दोन पट्ट्यांचा इंटरसेक्ट (सामाईक तुकडा) घेऊन त्या तुकड्याला वरच्या पट्टीचा रंग द्यायचा.

प्रेसला फाइल पीडीएफमध्ये द्या, सगळे स्ट्रोक पाथ करून. स्क्रीन बनवण्याआधी मूळ मापात कागदावर प्रिंट काढा आणि हातभर लांबून फटी दिसतात का बघा. न कापलेल्या वर्तुळांची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा, कारण पट्टी जाड-बारीक करायची वेळ आली तर वजाबाकी झालेल्या तुकड्यांवर ते करता येत नाही.